नोटिशीत ‘पुट ऑफ’ की ‘कॉल ऑफ’?

सचिव: रविवारची सभा होत नाहीये. इंग्रजी नोटिशीत ‘मीटिंग इज कॉल्ड ऑफ’ लिहितो, नवी तारीख नंतर टाकू. चालेल ना?

बी-४०३: नको सर, कॉल ऑफ म्हणजे रद्दच. पुढे ढकलली तर ‘पुट ऑफ’, तारखेआधी ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. पण पुट ऑफ बोलण्यातलं. नोटिशीत ‘पोस्टपोन्ड’च शोभतं. आणि गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबूनही माणसं जमली नाहीत, तर ती सभा ‘ॲडजर्न्ड’, म्हणजे तहकूब. तिथे या दोन्हींपैकी काहीच नको.

ए-१०१: मुलीचा दहावीचा पेपर आहे. ‘पुट ऑफ द मीटिंग’ की ‘पुट द मीटिंग ऑफ’?

बी-४०३: दोन्ही बरोबर. सर्वनाम मात्र मधेच: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ लिहिलं की मार्क गेला. कर्म लांबलचक असेल तर ऑफ आधी उरकून घ्यायचा, नाहीतर तो वाक्याच्या शेवटी लोंबकळतो.

सी-२०२: मेंटेनन्स भरायची टाळाटाळ म्हणजे ‘पुट ऑफ टू पे’?

बी-४०३: ‘पुट ऑफ पेइंग’. पुढे क्रियापद आलं की आयएनजी, ‘टू’ नाही. भूतकाळातही पुटच, पुटेड नाही.

डी-५०४: माणूस कर्म झाला की अर्थच बदलतो, ते मुलीला जास्त पक्कं करून द्या. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’: वासाने जेवणावरची इच्छाच उडाली. ‘द लीकेज पुट देम ऑफ बाइंग द फ्लॅट’: गळती बघून घेणाऱ्यांचं मन फिरलं. किळस किंवा नावड आणणाऱ्या गोष्टीला विशेषण ‘ऑफ-पुटिंग’. कुणी आकडे मोजतंय आणि शेजारी बडबड चाललीय, तर ‘डोन्ट पुट मी ऑफ’, म्हणजे लक्ष विचलित करू नका. आणि प्लंबरला ‘आज नको, उद्या या’ करत टोलवणं, तेही ‘पुट हिम ऑफ’. इथे मागचंपुढचं वाचल्याशिवाय अर्थ लावू नये.

सी-२०२: काकू, जिन्यात ‘पुट ऑफ लाइट्स’ची पाटी आहे की!

डी-५०४: भारतात सर्रास चालतं, कळतंही सगळ्यांना. पेपरात ‘स्विच ऑफ’ किंवा ‘टर्न ऑफ’ लिहावं. पाटी राहू दे.

सचिव: आणि समजा सभा अलीकडे घ्यायची ठरली तर? प्रीपोन?

बी-४०३: आपल्या नोटिशीत चालेल. परदेशातल्या फ्लॅटमालकांना मेल जाणार असेल तर ‘ब्रॉट फॉरवर्ड’ करा.