मदत हवी आहे: पावसाळ्यात न बुरसटणारी, मुलांनी तोंडात घातली तरी चालतील अशी घरगुती खेळणी

नमस्कार. बेळगावच्या वडगाव भागात आम्ही काही जणी मिळून एक लहानशी बालवाडी चालवतो. मुले दीड ते चार वर्षांची असून बहुतेकांच्या घरी यंत्रमाग आहेत, त्यामुळे सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन, साड्यांच्या चिंध्या आणि रद्दी यांची आम्हांला ददात नाही. या वस्तूंपासून आया आणि आज्या मिळून खेळणी करतात: कोनांची उतरंड, चिंध्यांच्या बाहुल्या, खुळखुळे आणि बेंदराच्या सुमारास कागदाच्या लगद्याचे बैल.

मुख्य अडचण लगद्याची आहे. रद्दी रात्रभर भिजवून वाटायची, त्यात भिजवलेल्या मेथ्यांचे वाटण आणि मैद्याची खळ घालून मळायचे, ही रीत इकडे सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात त्याचे खेळणे खडखडीत वाळते. मात्र झड लागली की बैल वरून कोरडा दिसतो, पोटात ओल राहते, आणि काही दिवसांतच पायांच्या सांध्यांत करड्या ठिपक्यांची बुरशी धरून कुबट वास येऊ लागतो. खळीत चिमूटभर मोरचूद घाला, असा सल्ला जाणत्या माणसांकडून मिळतो, आणि पुस्तकबांधणीच्या खळीत तो घालतही असत. परंतु मोरचूद विषारी आहे आणि आमच्याकडे प्रत्येक वस्तू आधी तोंडात जाते. मीठ घालावे, तर ते दमट हवेत उलट पाणी सुटवते. मोरचुदाशिवाय लगदा टिकवण्याचा काही उपाय आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष वापरला आहे का?

दुसरा प्रश्न रंगाचा आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त असू नये, असा नियम २०१६ साली झाला. परंतु माळ्यावरच्या जुन्या डब्यांची हमी कोण देणार? हळद आणि बीट लाळेने उतरतात. गोकाकच्या लाकडी फळांसारखी किंवा सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी चकाकी आम्हांला नको आहे, फक्त रंग मुलांच्या ओठांना लागू नये, एवढीच अपेक्षा आहे.

खुळखुळ्यात काय भरावे, हेही सांगावे. गुंजा विषारी असल्यामुळे आम्ही त्या बाद केल्या आहेत. चिंचोके निरुपद्रवी आहेत, पण खुळखुळा फुटला तर ते घशात अडकण्याची भीती आहे.

प्रतिसाद, खानापूरहून:

ताई, तीन वर्षांखालील आणि वरील मुलांची खेळणी आधी वेगळी करावीत, म्हणजे आपले निम्मे प्रश्न उरत नाहीत. छापील कागद धाकट्यांच्या तोंडात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, अशी सूचना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाईतील घातक द्रव्यांमुळेच दिली होती. धाकट्यांना चिंध्यांची खेळणी द्यावीत: डोळ्यांना बटण न लावता धाग्याने भरावेत, शिवण उलट्या टिपेची आणि दुहेरी असावी, आत चिंध्याच भराव्यात आणि खेळणे आठवड्याला धुवावे. खुळखुळ्याचा आग्रह त्यांच्यासाठी सोडावा. कोनावर कोन आदळला तरी त्यांना पुरेसा आवाज मिळतो, फक्त चावून पुठ्ठ्याचा चोथा होऊ नये म्हणून कोनाला सुती गवसणी शिवावी. घशात अडकण्याचे माप हवे असल्यास साधारण ३२ मिलिमीटर व्यासाची नळी जवळ ठेवावी; जे तिच्यात मावते ते तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नये.

थोरल्यांच्या बैलासाठी भरीव लगदा पावसाळ्यात करूच नये, कारण जाड गोळा आतून वाळत नाही आणि मैदा व मेथी हे बुरशीचे खाद्यच आहे. त्याऐवजी कोऱ्या खाकी कागदाच्या पट्ट्या पातळ खळीने चिकटवून पोकळ अंग करावे. दोन वाट्या पालथ्या घालून तेलाचा हात फिरवावा, प्रत्येकीवर एक थर द्यावा, तो पुरता वाळल्यावरच दुसरा द्यावा. चार-पाच थरांनंतर दोन्ही अर्धगोल सोडवून एकत्र जोडावेत, म्हणजे बैलाचे पोट तयार होते. वाळवताना चुलीच्या वर, धग पोचेल पण ज्वाळा लागणार नाही, अशा बेताने शिंकाळ्यात टांगावेत. पोकळ असल्याने दोन्ही बाजूंनी हवा लागते. खळ रोज ताजी शिजवावी, शिळी वापरू नये.

मूळ प्रश्नकर्तीकडून:

मनःपूर्वक आभार. वाट्यांची युक्ती लगेच करून पाहते. बालवाडीत चूल नाही, गॅसची शेगडी आहे, म्हणून एका आजींच्या न्हाणीघरातील बंबाजवळ जागा मागितली आहे. एक शंका उरते: पाय आणि शिंगे पोकळ कशी करावीत? कोनाची निमुळती टोके कापून पायांना वापरता येतील असे वाटते, पण शिंगांना वळण हवे. आणि खाकी कागदावर गेरू लावून वर कशाचा हात द्यावा, म्हणजे तो बोटांना लागणार नाही, हेही कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.