प्रत्येक खोलीत एसी: नागपूरची गरज की चोचले?

उन्हाळकरी: मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४च्या वर, पण हवा कोरडी ठणठणीत. आर्द्रता १५ टक्के धरली तर कुलरच्या ओल्या गवतातून येणारी हवा २७-२८ अंशांवर उतरते. पंखा आणि पंप मिळून २००-२५० वॅट. दीड टनाचा एसी दीड हजार वॅट ओढतो. तरी नव्या फ्लॅटांत कुलर बसेल अशी खिडकी नाही, पश्चिमेला मात्र जमिनीपासून छतापर्यंत काच! ६ चौरस मीटर साध्या काचेतून दुपारी चारला दोन किलोवॅटच्या वर उष्णता आत येते. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद; म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त एसी त्या काचेपायीच चालतो. याला गरज काहून म्हणायचं?

पाणीवाला: पाण्याचा हिशेब बरा गाळला! मोठा कुलर ऐन उन्हाळ्यात तासाला १५-२० लिटर पितो. दहा तास चालवला की दीड-दोनशे लिटर. शहरात माणशी रोजचं प्रमाण १३५ लिटर धरतात, म्हणजे घरात एक माणूस वाढलाच. आणि जुलैत ३१ अंश, ८० टक्के आर्द्रता असताना हाच कुलर जेमतेम दोन-अडीच अंश उतरवतो, वरून अंथरूण चिकट.

उन्हाळकरी: वीज काय कोरडी तयार होते? कोळशाच्या संचाला युनिटमागे तीनेक लिटर पाणी लागतं.

पाणीवाला: एसीच्या तासाभराच्या दीड युनिटला साडेचार लिटर. तरी कुलरच्या पावपटच. शिवाय कोराडीच्या वीजकेंद्राला भांडेवाडीच्या प्रकल्पातलं शुद्ध केलेलं सांडपाणी जातं; कुलरमध्ये नळाचं ओततो आपण.

उन्हाळकरी: पाण्याचा मुद्दा मान्य. काचेचा सोडत नाही. वर दोन फुटी छज्जा काढला असता तरी भागलं असतं.

छज्जेकर: नाही भागत. छज्जा दक्षिणेला कामाचा. पश्चिमेचा सूर्य चारनंतर खाली येतो, ऊन छज्ज्याखालून सरळ आत. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा बांबूची चिक लागते, तीही काचेच्या बाहेरून. आतला पडदा डोळ्यांवरचं ऊन अडवतो. उष्णता तोवर खोलीत शिरलेली असते.

पाणीवाला: दहाव्या मजल्यावर चिक? वादळात खालच्याच्या गाडीवर.

छज्जेकर: म्हणून ती नकाशातच हवी, मागाहून टांगायची नाही.

वाळा: अर्धे कुलर उगाच बदनाम आहेत राजेहो. समोरची खिडकी बंद ठेवली तर ओल खोलीतच साचते आणि तासाभरात जीव गुदमरतो. हवा शिरते तेवढी बाहेर गेलीच पाहिजे. गवत दर मोसमात नवं. वरच्या पन्हाळीची भोकं क्षाराने बुजली की गवताच्या ताटीवर कोरडे पट्टे पडतात, तिथून सरळ लू आत येते. बोअरचं पाणी असेल तर हे फार लवकर होतं. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कडा घासायच्या, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेलगत चिकटून राहतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. लोखंडी कुलरला अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर मात्र तो चालूच करू नका. टाकीत पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, बटण बंद केलं एवढ्यावर भागत नाही.

पाणीवाला: एवढं सगळं दर आठवड्याला करणार कोण? सत्तरीतल्या आजी?

वाळा: त्यांच्या खोलीत एसी लावा ना. बाकी तीन खोल्यांचं बोला.