शब्दचर्चा : 'डाळिंबी' लोकर म्हणजे डाळिंबासारखी दिसणारी की डाळिंबात रंगवलेली?

राजारामपुरीतून :

मंडळी, एका शब्दापाशी अडकलेय, जरा मदत करा. मी घरी लोकर आणि सूत रंगवते, बागेतलं आणि स्वयंपाकघरातलं जे हाताशी असेल त्यात, म्हणजे झेंडू, कांद्याची टरफलं, डाळिंबाची सालं, मेंदीचा पाला, आणि पाडव्याच्या आधी थोड्या लड्या (धाग्याच्या सैल जुड्या) विकायला ठेवायच्यात. लेबलं मराठीतच लिहायची हे पक्कं आहे. फुलाफळांवरून रंगांची इतकी नावं आपल्याकडं तयार असताना बाहेरून कशाला आणायची? गुलाबी, जांभळा, नारिंगी, केशरी हे तर रोज तोंडात असतात आणि ही झाडांची नावं आहेत हे लक्षातही येत नाही, शिवाय अबोली, गुलबक्षी, आमसुली, वांगी, बदामी, लिंबू, पिस्ता... विणणाऱ्या बायकांना नुसतं नाव ऐकून रंग डोळ्यासमोर येतो.

पण लिहायला बसले आणि गाडी डाळिंबीवर अडली. डाळिंबाची सालं उकळून तुरटी लावलेली लोकर त्यात घातली की ती पिवळी होते, चांगली दमदार पिवळी, आणि त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पडला तर शेवाळी-करड्याकडं जाते. लाल कुठंच नाही. आता लेबलावर 'डाळिंबी' लिहिलं तर कोल्हापुरात महाद्वार रोडवर साडी घेणारी कुठलीही बाई लालभडक-मरून असंच समजणार, आणि लडी हातात घेतली की म्हणणार अहो ही तर पिवळी आहे.

मेंदीचंही तेच. दुकानात मेंदी कलर म्हणजे काळपट हिरवा, पण मेंदीच्या पाल्यात लोकर तपकिरी-नारिंगी होते, हातावर रंगते तशीच. कांद्याचं तर त्याहून वेगळं, साडीत कांदा कलर म्हणजे फिकट जांभळट गुलाबी आणि टरफलांच्या पाण्यात निघतो सोनेरी ते विटकरी. म्हणजे नाव एक आणि रंग दोन. काय लिहू? आणि अजून एक, सगळे हँड डाइड यार्न म्हणतात त्याला मराठीत काय म्हणायचं, 'हाताने रंगवलेली लोकर' बरोबर आहे का, कारण माझ्याकडं सूतही आहे.

इचलकरंजीतून :

ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण आमचं सगळं घर सुतातच गेलंय. 'लोकर' हा शब्द मेंढीच्या केसासाठीच ठेवा. बाजारात विणायला जे गुंडे मिळतात त्याला सगळे लोकरच म्हणतात पण त्यातला बराचसा माल ॲक्रिलिक असतो, आणि ॲक्रिलिकवर तुमचा झेंडू न् डाळिंब काही चढणार नाही. ओळखायचं असेल तर एक तुकडा जाळून बघायचा, लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. कापसाचं ते सूत, शिवायचा तो दोरा. आणि यार्न ला सगळ्यांना मिळून शब्द पाहिजे असेल तर 'धागा' चालतो, आमच्याकडं यंत्रमागावर मात्र सर्रास यार्नच म्हणतात, तिथं कोण धागा म्हणत बसणार.

लडी शब्द एकदम बरोबर आहे. सुती धाग्याचा काऊंट लडीवरच मोजतात, 840 यार्डांची एक लडी धरायची आणि एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील तो काऊंट, म्हणून 40 चं सूत 20 च्या सुतापेक्षा बारीक. आकडा वाढला की धागा बारीक, हे नवीन माणसाला उलटं वाटतं. रंगवायला धागा लडीतच पाहिजे, गुंड्यात किंवा कोनवर असेल तर आतपर्यंत पाणी जात नाही आणि मधला भाग कोरा राहतो.

तेव्हा लेबलावर 'हाताने रंगवलेली लडी' लिहा, खाली लोकर की सूत ते लिहा. काम झालं.

विद्यापीठाच्या बाजूनं :

डाळिंबीच्या घोळाचं मूळ त्या शेवटच्या ई मध्ये आहे. एकच ई आपण किती कामाला लावतो बघा : लोकरी, सुती, रेशमी म्हणजे त्याचं बनलेलं, कोल्हापुरी म्हणजे तिथलं, आणि डाळिंबी, गुलाबी म्हणजे त्यासारखं दिसणारं. ऐकणारा वापरावरून अर्थ लावतो, आणि रंगाच्या बाबतीत वापर 'दिसणारं' असाच रुळलाय. (पुण्यामुंबईकडं कुणाला नुसतं डाळिंबी म्हटलं तर वालाची उसळच आठवेल, तो वेगळाच विषय.)

गंमत अशी की उलटी उदाहरणंही आहेत, तिथं नाव भांड्यावरून, म्हणजे रंग कशातून काढला त्यावरून, पडलंय. कुसुंबी घ्या. कुसुंबा म्हणजे आपली करडई, तिचं फूल पिवळं-नारिंगी, कुसुंबी रंग मात्र लालसर. कारण त्या पाकळ्यांत दोन रंग असतात, पिवळा साध्या पाण्यात धुवून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात लाल उतरतो आणि आंबट घातलं की तो सुतावर, रेशमावर बसतो. ज्यांनी कुसुंबी म्हणायला सुरुवात केली ते फुलाकडं बघत नव्हते, रंगाऱ्याकडं बघत होते. किरमिजी तसाच, तो किडा वाळवून काढलेल्या रंगावरून आला, किर्मिझ हा शब्द अरबी-फारसीतून आलेला. हे दोन्ही शब्द जुने, आणि त्या काळात रंग कशापासून होतो हे गिऱ्हाइकालाही माहीत असणार. पुढं 1856 मध्ये पर्किन या इंग्रज रसायनतज्ज्ञाला डांबरापासून जांभळा रंग सापडला, मग एकामागून एक रंग कारखान्यात व्हायला लागले, 1897 पासून नीळसुद्धा. भांडं नजरेआड झालं आणि नावात नुसतं दिसणं उरलं, असं माझं मत.

म्हणून माझं सुचवणं असं की दिसण्यावरून नाव असेल तर ई ठेवा आणि भांड्यावरून असेल तर झाडाचा कुठला भाग वापरला तो नावातच घाला. डाळिंबसाल. मेंदीपाला. कांदाटरफल. झेंडूपाकळी. साल म्हटलं की दाण्याचा लाल रंग मनातून आपोआप जातो.

राजारामपुरीतून :

डाळिंबसाल! हे फार म्हणजे फारच आवडलं, वहीत लिहून पण घेतलं.

शाहूपुरीतून :

मी बरीच वर्षं विणकाम शिकवते म्हणून लिहिते. नाव सुंदर पाहिजे हे खरं पण विणणारीला अजून एक गोष्ट कळायला पाहिजे, लडी एकरंगी आहे की मधे मधे रंग बदलतो. बाजारात त्याला व्हेरिगेटेड, स्पेकल्ड, ग्रेडियंट असं काय काय म्हणतात. आपल्याकडं शब्द आहेत की. ठिपके असतील तर शिंतोड्याची लडी. लांब लांब रंग बदलत जात असेल तर पट्ट्याची. एकाच रंगाचा गडद-फिका खेळ असेल तर छटेची. कुणी धूपछाव सुचवेल पण तो नको, साडीत धूपछाव म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, हलवलं की रंग पालटतो, विणलेल्या स्वेटरात तसं होत नाही.

हे लेबलावर का पाहिजे तर पट्ट्याच्या लडीचं काय विणायचं ते आधीच ठरतं. जाळीचा टाका घेतला तर जाळीही दिसत नाही आणि रंगही दिसत नाही, दोन्ही वाया. साध्या सुलट ओळी घ्याव्यात किंवा एक ओळ सुलट एक उलट. आणि रुंदी अशी जमली की प्रत्येक ओळीत तोच रंग त्याच जागी येतो तर मोठे चट्टे पडतात, पाठीवर एक हिरवा डाग न् पोटावर एक पिवळा. त्यावर उपाय म्हणजे दोन गुंडे घ्यायचे आणि दोन-दोन ओळी आलटून पालटून विणायच्या, कडेला धागा हलका वर न्यायचा, ताणायचा नाही. लडीचा गुंडा करताना खुर्चीच्या पाठीवर लडी घालावी आणि गुंडा सैल गुंडाळावा, घट्ट गुंडाळला तर धागा ताणलेलाच राहतो आणि विणून धुतल्यावर कापड आखडतं.

आणि चैत्रात कोण लोकर विणतं असं म्हणू नका. इथं चैत्र म्हणजे ऊन, सुया घामानं चिकटतात हे मान्य, पण पावसाळ्याचं बाळ असेल तर बाळंतविडा आत्ताच सुरू करावा लागतो, टोपडं, पायमोजे, दुपटं, नाहीतर आषाढात पाऊस सुरू आणि सुईवर अजून अर्धंच टोपडं. सुताची लडी असेल तर क्रोशावर तोरण करा, साखळी आणि खांब एवढे दोन टाके आले तरी होतं. बाळाच्या कपड्याला मी तरी हिराकसवाली लडी देत नाही, हिराकस जास्त झाला की लोकर खरखरीत होते.

कागलकडून :

लोकरीचं चाललंय म्हणून आमच्याकडचं पण सांगतो. घोंगडं बघा, त्याला रंगच देत नाहीत, काळ्या मेंढीची काळी लोकर न् पांढऱ्याची पांढरी, किनारीला पट्टे ओढायचे तेवढंच. विणायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, त्यानं धागा ताठ होतो, तुटत नाही. खळ हा शब्द तुमच्या कामाला येईल म्हणून सांगितला. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, अंगाला टोचते, तिचं टोपडं करू नका पण आसन, पिशवी झकास होतंय. न रंगवलेल्या लडीला पण नाव द्या की, कोरी म्हणा. कोरी लोकर, कोरं सूत, कोरा चहा, सगळ्यांना कळतंय.

राजारामपुरीतून :

कोरी घेतलं! आणि दादा, तुमच्याकडची थोडी काळी लोकर मिळाली तर मला तिच्यावर झेंडू करून बघायचाय, काळ्यावर पिवळा दिसायचा नाही पण करड्या मेंढीची असेल तर मस्त जुना सोनेरी येईल असं वाटतं.

आता दुसरा घोळ. रंग पक्का की कच्चा हे लिहायचं तर शब्द कमी पडतात, नुसतं 'रंग जातो' म्हटलं की काहीच कळत नाही. उन्हानं जातो का पाण्यानं? हळद धुण्यात बऱ्यापैकी टिकते पण उन्हात ठेवली की महिन्याभरात फिकी, आणि साबण लागला की लाल होते ती वेगळीच, कुंकू करताना होते तशी. बीट धुण्यातच जातं. जास्वंद तर घेऊच नका, फूल एवढं तांबडं पण लोकरीवर जांभळट-राखाडी येतं आणि तेही टिकत नाही, गोकर्णाचा निळाही तसाच, लिंबू पडलं की जांभळा. बागेत सगळ्यात देखणं जे असतं ते भांड्यात काहीच देत नाही आणि कचऱ्यात जाणारी सालं टरफलं त्याहून कितीतरी टिकणारा रंग देतात, हे मला दर वेळी नवल वाटतं.

विद्यापीठाच्या बाजूनं :

त्याला आपल्याकडं क्रियापदं वेगवेगळी आहेत, ती वापरा. पाण्यात जातो तो सुटतो. उन्हात जातो तो उडतो. जुना होऊन मळकट फिका पडतो तो विटतो. आणि आधीचं, भांड्यातलं : फुलातून पाण्यात उतरतो, पाण्यातून धाग्यावर चढतो, तुरटीनं धरतो. तुरटीला पुस्तकात रंगबंधक असं लिहिलेलं असतं, पण लेबलावर तुरटीच बरी. हळदीच्या लडीवर 'सुटत नाही, उन्हात उडतो' एवढं लिहिलं की घेणारीला सगळं कळलं.

शाहूपुरीतून :

तुरटीचं प्रमाण काय घेता ताई? मुली विचारतात.

राजारामपुरीतून :

काकू, 100 ग्रॅम लोकरीला 10 ते 15 ग्रॅम तुरटी, कोमट पाण्यात विरघळवून मग हळूहळू तापवायचं, खळाखळा उकळू द्यायचं नाही आणि ढवळत बसायचं नाही. गरमातली लोकर एकदम गार पाण्याखाली धरली की आटून तिचा नमदा, म्हणजे घट्ट गोळा, होतो, म्हणून भांड्यातच गार होऊ द्यायची. सुताला नुसती तुरटी पुरत नाही, आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून मग तुरटी.

आणि अजून एक नाव विचारायचं राहिलं. एका लडीवर मी तांबूस रंग हिरव्यात सोडत नेलाय, आंब्याची आणि पिंपळाची कोवळी पानं आत्ता दिसतात ना तसं, टोकाला तांबूस, मग पोपटी, मग हिरवं. दुसरी एक फिकट पिवळट, आंब्याच्या मोहोरासारखी. तिला 'मोहोरी' म्हणू का?

इचलकरंजीतून :

मोहोरी नको ओ, लोक फोडणीतली मोहरी वाचतील आणि मग ती काळी असायला पाहिजे. नुसतं 'मोहोर' ठेवा. पहिलीला 'चैत्रपालवी', तो शब्द तयारच आहे.

शाहूपुरीतून :

चैत्रपालवी मला एक ठेवा, सुताची असेल तर. लोकरीची असली तरी ठेवा, नातीच्या टोपड्याला होईल.

राजारामपुरीतून :

ठेवते काकू. लेबल आता असं करतेय : वर नाव, डाळिंबसाल किंवा चैत्रपालवी, खाली लोकर की सूत आणि वजन, मग तुरटी की हिराकस, एकरंगी की पट्ट्याची, आणि सुटतो-उडतो काय ते. एकच राहिलं. पहिली लडी काढल्यावर त्याच भांड्यात दुसरी टाकते, ती फिकी येते, तिसरी अजून फिकी, आणि खरं सांगायचं तर झेंडूची तिसरी मला पहिलीपेक्षा जास्त आवडते, अगदी ताज्या लोण्याचा रंग. तिला काय म्हणायचं? फिकी लिहिलं तर कोण घेणार नाही.

कागलकडून :

दुसऱ्या पाण्याची, तिसऱ्या पाण्याची. 'झेंडूपाकळी, तिसरं पाणी' असं लिहा. आणि करडी लोकर आहे घरात, पाडव्याला गावाकडं आलाय तर घेऊन जावा.