वायरिंग सुरू होतंय, कुठल्या खोलीत कसले लाइट घ्यावेत?

रानजाई:
घराचं वायरिंग सुरू व्हायचंय आणि भिंतीत झिऱ्या मारायच्या आधी लाइटचे पॉइंट पक्के करून द्या म्हणून इलेक्ट्रिशियन मागे लागलाय. हॉल १४ बाय १२ फूट आहे, त्यात त्याने १२ वॉटचे १२ डाउनलाइट (छतात बसणारे, खाली उजेड टाकणारे दिवे) सरळ ओळीत आखून दिलेत, किचनला छताच्या मधोमध एक चपटा पॅनल दिवा, बेडरूमला चार डाउनलाइट. ते ड्रॉइंग बघून काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये. सासरे सत्तरीच्या पुढचे, दिवसभर वाचत असतात, त्यांना कायम उजेड कमी पडतो, आणि मुलीला तोच उजेड डोळ्यावर येतो. उजेड पुरायला हवा आणि खोल्या छानही दिसायला हव्यात. फॉल्स सीलिंग फक्त हॉललाच करतोय. सुरुवात कुठून करू आणि वॉर्म घेऊ की व्हाइट?

लख्खप्रकाश:
तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे, त्या ड्रॉइंगमध्ये दिवे छताकडे बघून लावलेत, माणसं कुठे बसणार ते बघून नाही. आधी हिशोब करून बघा. १४ बाय १२ म्हणजे साधारण साडेपंधरा चौरस मीटर. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड आणि लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. बसण्याउठण्याच्या खोलीला सगळीकडे १५० लक्स म्हणजे चांगला उजेड झाला, त्यासाठी जमिनीपाशी २३००-२४०० ल्युमेन पोचायला हवेत, भिंती आणि छत थोडा उजेड खातात ते धरून दिव्यांमधून ४००० निघाले तरी झालं. १२ वॉटचा एक एलईडी डाउनलाइट साधारण १००० ल्युमेन देतो, म्हणजे तुमच्याकडे १२००० होतायत, गरजेच्या तिप्पट, आणि तोही सगळा वरून डोक्यावर. असा उजेड जमिनीवर पडतो, माणसांच्या डोळ्याखाली सावल्या पडतात आणि भिंतीचा वरचा भाग काळवंडलेला राहतो, मग एवढे दिवे असूनही खोली उदास दिसते.

त्यापेक्षा फर्निचरचा नकाशा काढा, कोण कुठे बसणार, काय करणार ते लिहा आणि मग तीन प्रकारचे दिवे वेगळे धरा. एक सगळ्या खोलीला पुरणारा मंद उजेड, हॉलमध्ये तो फॉल्स सीलिंगच्या खाचेतल्या स्ट्रिपने छतावर टाकून घ्या, पांढरं छत बराचसा उजेड परत पाठवतं आणि दिवा डोळ्याला दिसत नाही. दुसरा कामाचा, वाचायच्या खुर्चीपाशी वगैरे. तिसरा एखादी भिंत, चित्र किंवा पुस्तकांचं कपाट उजळायला. या तिसऱ्यात लोक काटकसर करतात आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपली नजर जमिनीवर नसते, समोरच्या भिंतीवर असते. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर तीन डाउनलाइट घेऊन ती एक भिंत उजळा, बाकीचे त्या ड्रॉइंगमधून खोडून टाका. आणि तिन्हींचे स्विच वेगवेगळे, यात अजिबात तडजोड नको.

गवाक्ष:
रंगाबद्दल मी सांगतो. खोक्यावर केल्विन लिहिलेले असतात, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बेडरूम आणि हॉलला ३००० च्या वर जाऊ नका, संध्याकाळनंतर निळसर उजेड जास्त मिळाला की झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार होतं. किचनला ४००० घ्या, काम करताना स्वच्छ दिसतं.

लख्खप्रकाश:
किचनबद्दल जरा वेगळं मत, हॉलमधून किचन दिसत असेल तर तिथेही ३००० घ्या, एका नजरेत दोन रंगाचे उजेड आले की दोन्ही मळकट वाटतात. भाजी ताजी आहे का, मांस शिजलंय का हे कळायला केल्विनपेक्षा सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, ९० च्या पुढचा हवा, ८० वाल्या बऱ्याच दिव्यांखाली लाल रंग फिके पडतात.

गवाक्ष:
हो सीआरआयचा मुद्दा पटला, पण मोकळं नसलेल्या किचनला मी ४००० च म्हणेन.

आजोळ:
रानजाई, सासऱ्यांची आणि मुलीची तक्रार एकाच दिव्याची आहे बघ. वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणून त्यांना खरंच जास्त लागतो, हट्ट नाहीये तो. पण त्याच भिंगात उजेड विखुरतोही, त्यामुळे उघडा झगझगीत दिवा त्यांनाही सोसत नाही. वरचे दिवे वाढवून उपयोग नाही, खुर्चीच्या बाजूला, खांद्याच्या थोडा मागे झाकलेल्या शेडचा, मान वळवता येणारा दिवा ठेव. दिव्याचं अंतर निम्मं केलं की पानावर जवळजवळ चौपट उजेड पडतो, त्यामुळे छोटा दिवाही पुरतो. खुर्चीपाशी खाली एक सॉकेट आत्ताच काढून घे. आणि त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत गुडघ्याच्या खाली मंद पिवळे दिवे दे, रात्री उठले की मोठा दिवा लावून डोळे दिपायला नकोत, अंधारात चाचपडायलाही नको. पलंगाजवळ टू-वे स्विच, म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करता येईल असा, हवाच.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार, आजोळ तुझं तर विशेष, सासऱ्यांना हे वाचून दाखवलं. ओट्यावर मात्र माझीच सावली पडते, त्याचं काय करू? आणि उजेड कमी-जास्त करणारा डिमर घ्यावा का, एका ठिकाणी बघितला तर दिवे लुकलुकत होते.

तारजोड:
ओट्याच्या वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला स्ट्रिप लाव, पॅनल तुझ्या पाठीमागे येतं म्हणून सावली पडते, ही स्ट्रिप तुझ्या आणि ओट्याच्या मधे येते. ओट्यावर ३०० ते ५०० लक्स हवेत. स्ट्रिप अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये (पन्हाळीसारख्या पट्टीत) दुधी झाकणासकट घे, नुसती चिकटवली तर गरम होऊन लवकर मरते आणि चकचकीत ओट्यात एकेक ठिपका दिसतो. लांबी जास्त असेल तर २४ व्होल्टची घे, १२ व्होल्टची शेवटाकडे मंद होत जाते. ड्रायव्हर, म्हणजे स्ट्रिपला वीज पुरवणारा छोटा डबा, हात पोचेल अशा जागी ठेव कारण पट्टीच्या आधी बहुतेक तोच जातो.

डिमर जरूर घे, हॉल आणि बेडरूमला तरी. दिवा किंवा त्याचा ड्रायव्हर डिमेबल नसेल किंवा डिमर जुन्या फिलामेंट बल्बसाठीचा असेल तर लुकलुकणारच. एलईडीला ट्रेलिंग एज डिमर (विजेच्या प्रत्येक लहरीचा शेवटचा भाग कापणारा प्रकार) घे आणि खूप कमी वॉट एका डिमरवर टाकू नको, डिमरवर किमान लोड लिहिलेला असतो तो बघ. घ्यायच्या आधी एकच दिवा आणि एकच डिमर आणून जोडून बघ, अगदी मंद करून मोबाइलचा कॅमेरा धर, पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा परत कर.

बाथरूमला आरशाच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीला दिवे घे, आरशावर एकच असेल तर हनुवटीखाली अंधार राहतो. शॉवरच्या आसपास आयपी ४४ (शिंतोड्यांपासून बचावाचा दर्जा) किंवा त्याच्या वरचेच फिटिंग.

रानजाई:
डायनिंग टेबलवर लटकता दिवा किती उंचीवर?

तारजोड:
टेबलापासून ७५ ते ९० सेंटीमीटर वर. समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे आणि बल्ब दिसता कामा नये, दोन माणसं समोरासमोर बसवून उंची ठरव आणि मगच वायर काप.