फायबर: हॉलमध्ये ९४ च्या वर स्पीड नाही, ओएनटीवर मधूनच लाल दिवा

प्रश्न
प्लॅन ३०० एमबीपीएसचा. बेडरूममधल्या ओएनटीपासून (फायबर जिथे येऊन जोडली जाते तो डबा) हॉलमधल्या राउटरपर्यंत २० मीटर लॅन केबल भिंतीतून नेली आहे. ओएनटीला लॅपटॉप थेट जोडला तर २९० मिळतात, हॉलमध्ये मात्र ९४ वर अडकतं. शिवाय दिवसातून दोन-तीनदा एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल होतो आणि नेट जातं. ओएनटीच्या पेजवर आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद) -२७.४ डीबीएम दिसते. राउटरचे सगळे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत. तरी राउटर बदलावा का?

प्रतिसाद १
राउटर बदलू नका. ९४ म्हणजे लिंक १०० एमबीपीएसवर जुळली आहे. राउटरच्या पेजवर वॅन पोर्टसमोर (ओएनटीकडून येणारी केबल लागते तो) तेच दिसेल. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला १-२ आणि ३-६ एवढ्या दोनच पुरतात. त्यामुळे ४, ५, ७ किंवा ८ नंबरची तार जॅकमध्ये टेकलेली नसली तरी नेट चालूच राहतं आणि केबलवर कोणाचा संशय जात नाही. दोन्ही टोकांचे जॅक कापून नव्याने क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा). क्रम दोन्हीकडे एकच: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारांची टोकं जॅकच्या पुढच्या भिंतीला भिडलेली दिसली की मगच दाबा. केबलवर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं असलं म्हणजे झालं.

प्रतिसाद २
लाल दिव्याचं दुखणं वेगळं. आरएक्स पॉवर -१५ ते -२५ असेल तर निर्धास्त राहा. -२७ म्हणजे काठावर, थोडा प्रकाश कमी झाला की सिग्नल तुटणार. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. फायबर घरात कुठून येते?

प्रश्नकर्ता
स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधून. काच पूर्ण बंद केली की केबल थोडी दबते.

प्रतिसाद २
मग तिथेच बघा. खिडकी उघडी ठेवून आरएक्स पॉवर वाचा, मग बंद करून पुन्हा वाचा. आकडा हलला तर केबल तिथेच चेपते आहे. टेप गुंडाळून काही होणार नाही. कंपनीला दोन्ही आकडे सांगून ड्रॉप केबल (बाहेरून घरात येणारी फायबर) बदलून मागा. नवी केबल भिंतीला भोक पाडून घ्या. भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला हवा आणि बाहेर केबलला खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत न येता तिथेच ठिबकतं.

आकडा हललाच नाही तर ओएनटीचा हिरवा कनेक्टर काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने टोक पुसा. टोकाला बोट लावू नका, त्यात डोकावून बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. हिरव्याला निळा कनेक्टर कधीच जोडू नका. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं, ते निळ्याशी नीट भिडत नाही.

प्रतिसाद ३
यातलं काहीही करताना ओएनटीचं रिसेट बटण दाबू नका. पीपीपीओई आयडी (नेटचं लॉगिन), व्हीलॅन नंबर अशी कंपनीची जोडणीची सेटिंग सगळी पुसली जाते आणि लाल दिवा असतो तसाच राहतो.