रिपोर्टात ‘बायसेप्स’ लिहिलंय, दुखतंय मांडीच्या मागं

पेठेतला_राइट_विंग:
गेल्या रविवारी गांधी मैदानात प्रॅक्टिस मॅच होती. लांब पास आला, बॉलमागं सुटलो आणि उजव्या मांडीवर मागनं कुणीतरी दगड हाणल्यागत झालं. वळून बघतोय तर मागं कोणच नाही. आता गुडघ्याच्या मागं निळं पडलंय. एमआरआयच्या कागदावर ‘बायसेप्स फिमोरिस, लाँग हेड, ग्रेड २’ असं आहे. बायसेप्स तर दंडात असतोय की! कागद दुसऱ्याचा दिला काय? डॉक्टर “आराम कर” म्हणाले आणि पुढचा नंबर बोलावला. शाहू स्टेडियमवरची मॅच तीन आठवड्यांवर आल्या.

तालमीतला_आप्पा:
कोमट तेलानं रगडून घे भावा. आमी जन्मभर तेच केलंय. बाटली पाठवतो.

फिजिओ_राजारामपुरी:
आप्पा, राग मानू नका, पण ग्रेड २ म्हणजे स्नायू अर्धवट फाटलाय, तोही ताजा, आत रक्त साकळलंय. आत्ता रगडायचं नाही.

कागद तुझाच आहे रे. बायसेप्स म्हणजे दोन डोक्यांचा स्नायू, तो दंडातही असतो आणि मांडीतही. लांब डोकं निघतं ते बुडाच्या हाडावरनं, एसटीच्या कडक सीटवर टोचतं तेच हाड. आखूड डोकं मांडीच्या हाडाच्या पाठीवरनं येतं. खाली दोघं एक होऊन गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, नडगीशेजारच्या बारक्या हाडाच्या टोकाला चिकटतात. आखूड डोक्याची नसही वेगळी. व्हायवात मी इथंच गप्प झाले होते, म्हणून जन्मभर ध्यानात राहील.

चांगल्या पायावर करून बघ. खुर्चीत बस, टाच जमिनीत रोवून मागं ओढल्यासारखा जोर लाव, हात गुडघ्याच्या मागं. बाहेरच्या बाजूला ताठ दोरी लागेल, ती बायसेप्सची. आतली ठळक दोरी सेमिटेंडिनोससची. तिच्याखाली चपटा सेमिमेम्ब्रेनोसस दडलेला असतो. हे सगळे मिळून हॅमस्ट्रिंग.

गुडघा दुमडणं, मांडी मागं नेणं ही त्यांची कामं. पण तुझा घात झाला तो ब्रेक लावताना. जोरात पळताना पाय पुढं झेपावतो, पाऊल टेकायच्या जरा आधी त्याला आवरायचं असतं. लांब डोकं खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडून जातं, त्यामुळं त्या क्षणी ते ताणलेलंही असतं आणि जोरही लावत असतं. पळणाऱ्यांचं जास्त करून हेच फाटतं.

मॅचची तारीख बघून मैदानात उतरू नकोस. दोन्ही पायांची ताकद सारखी झाली आणि फुल स्पीडला न दुखता पळता आलं, की मग बोलू. नॉर्डिक व्यायाम नंतर घालू: गुडघ्यावर उभं राहायचं, दोस्तानं घोटे धरायचे आणि सावकाश पुढं झुकायचं. सोपा दिसतो, घाम काढतो. आज मात्र नाही.

पेठेतला_राइट_विंग:
दोरी सापडली ताई! घरातले सगळे आता टाच रोवून बसलेत. कॅप्टनला कळवतो. आप्पा, बाटली पोचली, काय करू?

तालमीतला_आप्पा:
आणून दे परत. माझा गुडघा धरलाय.