वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, वर कुठल्यातरी अभ्यासासाठी वेगळी सही मागतायत. करावी का?

घाटाखालचा:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय, बसमध्ये आहे. वडिलांना (वय ६४, शेती, शुगर आहे, बीपीची गोळी चालू) उजव्या जांघेत हर्निया आहे. दोन वर्षं लंगोट कसून काम रेटलं आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही, आता खोकलं की लिंबाएवढी गाठ बाहेर येते. गावातल्या डॉक्टरांनी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला पाठवलं. तपासण्या झाल्या, भूलवाल्यांनी फिटनेस दिला, गुरुवारच्या लिस्टवर नाव आहे. इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

काल संध्याकाळी वॉर्डात एक तरुण डॉक्टर मुलगी आली, बोलायला चांगली होती, म्हणाली माझा थिसिस आहे, काकांना त्यात घेऊ का, वाचा आणि उद्या सांगा. चार पानं दिली. मराठीतच आहेत पण पहिल्याच ओळीत 'यादृच्छिक पद्धतीने गटात समावेश' असं काहीतरी, मी दोनदा वाचून सोडून दिलं, पानं आईजवळ राहिली. वडिलांनी त्यातला फक्त 'अभ्यास' शब्द ऐकला आणि मला बाजूला घेऊन म्हणतात, माझ्यावर हात साफ करणार का ही पोरं? घरी चल म्हणून धोशा लावलाय.

नाही म्हटलं तर ऑपरेशनला मागे ढकलतील का? आणि तसंही ऑपरेशन नक्की करतं कोण, मोठे सर की शिकाऊ? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

एक्स_हाऊसमन:
अशाच एका हॉस्पिटलात सर्जरीची तीन वर्षं काढलीत म्हणून लिहितो. आधी दुसरा प्रश्न, कारण काकांची खरी भीती तीच आहे. एमएस, म्हणजे एमबीबीएसनंतरचं सर्जनचं शिक्षण, तीन वर्षांचं असतं. साधा हर्निया सेकंड किंवा थर्ड इयरचा रेसिडेंट (म्हणजे ते शिकणारा डॉक्टर) करतो आणि समोर लेक्चरर किंवा सर हात धुऊन उभे असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण शिकाऊ म्हणजे काल आलेला पोरगा नव्हे, त्यानं आधी कितीतरी केसेसना नुसतं रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून पाय मोडून घेतलेले असतात. कोण करणार आणि सोबत कोण असणार, हे राउंडला सरळ विचारा. आमच्या वेळी विचारणारे नातेवाईक कमी होते, आणि जे विचारायचे त्यांच्या केसकडे जरा जास्तच लक्ष जायचं, खोटं कशाला बोलू.

आता सही. ऑपरेशनचं संमतीपत्र वेगळं आणि अभ्यासाचं वेगळं, दोन्हीची गल्लत करू नका. थिसिस सगळ्या रेसिडेंटना करावाच लागतो, आणि पेशंट घ्यायच्या आधी तो एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे अभ्यासात पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीपुढे, जातो. त्या कमिटीचा अध्यक्ष हॉस्पिटलच्या बाहेरचा असतो, एक कायद्याचा माणूस असतो आणि एक डॉक्टरकीशी काही संबंध नसलेला साधा नागरिकही असतो. 'भाग न घेतल्यास उपचारावर परिणाम होणार नाही' आणि 'कधीही बाहेर पडता येईल' ही दोन वाक्यं कागदावर असलीच पाहिजेत, शोधा, शेवटच्या पानावर कमिटीचा फोन नंबरही असेल. नाही म्हणालात तर लिस्टवरचं नाव हलत नाही. 'यादृच्छिक' म्हणजे पाकिटातून चिठ्ठी काढायची, कोणत्या गटात जायचं ते डॉक्टर ठरवत नाही. मात्र कशाची कशाशी तुलना आहे ते वाचल्याशिवाय मी हो किंवा नाही काहीच सांगणार नाही. कागदाचा फोटो टाका.

मोगरा_७:
माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन अशाच एका हॉस्पिटलात झालं, मागच्या वर्षी. गर्दी, डास, कॉटखाली झोपणारे नातेवाईक, सगळं होतं. आणि सही तर रात्री ११ वाजता मागितली, 'इथे करा, इथे करा' असं बोट ठेवून, मी तेव्हा भांडले होते. मग दुसरा एक रेसिडेंट आला, चोवीस तास झोपला नसावा, त्यानं केस पेपरच्या मागे पेनानं लिव्हर, पित्ताची पिशवी आणि खडे काढून दाखवले, दुर्बिणीची चार भोकं कुठे पडतील, आणि दुर्बिणीनं नाहीच जमलं तर पोट उघडावं लागेल हेही सांगितलं. आईनं तो कागद अजून ठेवलाय, आल्यागेल्याला दाखवते. तेव्हा दादा, कुणी घाईत असेल तरी चित्र काढून सांगा म्हणा, काढतात.

अजून एक. आमच्या शेजारच्या कॉटवरच्या आजोबांना रात्री दहानंतर काही खायचंप्यायचं नाही सांगितलं, त्यांनी सकाळची बीपीची गोळीपण घेतली नाही, टेबलवर बीपी वाढलेलं निघालं आणि केस पोस्टपोन. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका आणि आपल्या मनानं चालूही ठेवू नका. बीपीची, शुगरची, आणि रक्त पातळ करायची असेल तर ती, कोणती घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती नाही ते भूलतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या. रेशनकार्ड आणि आधार नेलंय ना? महात्मा फुले योजनेसाठी तिथल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा, डिस्चार्जच्या दिवशी पळापळ नको. वॉर्डातल्या मावशींशी गोड बोला, अर्धी माहिती त्यांनाच असते.

रोखठोक:
सगळे छान छान बोलताय पण प्रयोग गरिबांवरच होतात हे विसरू नका. २००९ साली आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्ममला लसीच्या अभ्यासात आदिवासी मुलींच्या संमतीच्या कागदांवर होस्टेलच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या, संसदेच्या समितीनं पुढे ताशेरे ओढले. खाजगी हॉस्पिटलात डीलक्स रूमवाल्याला कुणी विचारतं का, थिसिसमध्ये येता का म्हणून? काकांची भीती येडी नाहीये. मी असतो तर सही केली नसती.

एक्स_हाऊसमन:
@रोखठोक, खम्ममचं खरं आहे, आणि म्हणूनच मी कागद वाचा म्हणतोय, सही करा म्हणत नाहीये. त्यानंतर नियम आवळले, २०१९ ला नवीन नियमावली आली, आणि औषधाची ट्रायल असेल तर सीटीआरआय नावाच्या सरकारी रजिस्टरवर आधी नोंद लागते, ती नेटवर कुणालाही बघता येते. डीलक्स रूमचा मुद्दा मात्र मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण दुसरी बाजूही सांगतो. काकांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेल्यावर दोन-तीन जण तेच तेच विचारतील, नाव काय, कोणती बाजू, कसली अ‍ॅलर्जी. काका वैतागतील. ती १९ मुद्द्यांची डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) यादी आहे, भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी तपासायची. जगातल्या आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, त्यात दिल्ली होतं, २००९ ला निकाल छापून आला. ऑपरेशननंतरचे मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले होते. तोही 'अभ्यास'च होता, कॉटवरच्या माणसांवरचा. उजव्या जांघेवर पेनानं बाण काढतात तोही आदल्या दिवशी काकांनी जागेपणी काढून घ्यावा.

घाटाखालचा:
अपडेट देतो, उशीर झाला, सॉरी. गुरुवारी झालंच नाही, अपघाताच्या दोन केसेस आल्या आणि लिस्ट कोलमडली, वडील सकाळपासून उपाशी बसून दुपारी तीनला चहाबिस्किटावर आले. शेवटी शनिवारी झालं, कमरेत इंजेक्शन देऊन, जाळी बसवलीय. लेक्चरर मॅडम पूर्ण वेळ होत्या असं वडीलच सांगतात, जागे होते ना, सगळं ऐकत होते.

आता गंमत ऐका. कागद शांतपणे वाचला तर त्यात ना औषध ना सुई. ऑपरेशनच्या आधी काही पेशंटना हर्निया म्हणजे काय, जाळी कशी बसवतात, घरी गेल्यावर काय करायचं याचा मराठी व्हिडिओ दाखवायचा, बाकीच्यांना नेहमीसारखं तोंडी सांगायचं, आणि मग दोन्हीकडे विचारायचं की किती भीती वाटते आणि सांगितलेलं किती लक्षात राहिलं. एवढाच थिसिस. मीच वाचून दाखवल्यावर वडील म्हणाले, मग कर की सही, आधी का नाही सांगितलं. त्यांची चिठ्ठी निघाली तोंडीवाल्या गटाची. पलीकडच्या कॉटवरचा कोरेगावचा माणूस मात्र व्हिडिओ बघून आला, तेव्हापासून आमचे वडील रुसलेत, आपल्याला तेवढा पिच्चर दाखवला नाही म्हणून.

एक्स_हाऊसमन:
हाहा. त्या कोरेगाववाल्यानं काकांना व्हिडिओची स्टोरी सांगितली नाही ना पण? नाहीतर त्या पोरीच्या थिसिसचं वाटोळं.

घाटाखालचा:
सांगितली हो, रात्रभर. तिला जाऊन कबूल केलं आम्ही, तिनं कपाळावर हात मारला आणि लिहून घेतलं. फायनल फॉर्म भरून झाल्यावर तिच्या मोबाईलवर दाखवलाच शेवटी. आता वजन उचलायचं नाही म्हणून त्यात सांगितलंय तर वडील मलाच सांगतात, उसाच्या पाण्याला तू जा.